मागितला तरच

विश्वामित्रीचं पाणी त्या वर्षी तिसऱ्या पायरीवर थांबलं.
चौथी पायरी कोरडी राहिली, आम्हीही.
पण साडेतीन दिवस वीज नव्हती.
कारेलीबागचा पंप कमरेइतक्या पाण्यात उभा,
आणि आक्काचं ऑक्सिजनचं यंत्र जनरेटरवर,
जनरेटर माझ्या हातातल्या कॅनवर,
कॅनमध्ये पेट्रोल बोटभर.

स्वयंपाकघरात शेगडी मात्र निळीशार पेटत होती,
जशी काही ती या गावात राहतच नव्हती.
तीस वर्षं प्रयोगशाळेत बर्नर पुसले मी,
तेव्हा नाही सुचलं.
त्या दिवशी चहा उतू गेला आणि सुचलं.

गाळ वाळल्यावर मकरपुऱ्याहून जशुभाई पंचाल आले.
कार्बोरेटर काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला,
डॉक्टर मुतखडा दाखवतात तसा.
लेथवर कातून आणलेली ॲल्युमिनियमची कडी,
माझ्या मनगटात बसली असती एवढी,
एअर फिल्टरच्या आणि त्याच्या मध्ये बसवली.
कडीला नळी, नळीला थाळीसारखा चपटा डबा,
डब्याच्या पोटात रबराचा पातळ पडदा.

‘बेन, पहेलां ए श्वास ले, पछी गॅस आवे,’ जशुभाई म्हणाले.
इंजिनानं ओढलं की पडदा हलतो, हलला की वाट उघडते.
इंजिन थांबलं की बंद.
मागितला तरच देतो,
स्वतःहून एक फुंकरही नाही.

‘असा एक माणूस मला माहीत होता,’
आतून आक्का. नाकात नळी, आवाज अर्धा.
कोण, ते मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.

मग गॅस कंपनीचा मुलगा आला, नाव तेजस, मिशी नवी.
अगाशीपर्यंत चढवलेल्या पाइपचे सांधे
त्यानं साबणाच्या फेसानं माखले
आणि एका सांध्यावर एक बुडबुडा पकडला,
हरभऱ्याएवढा. वाढत चाललेला.
पुन्हा आवळला, पुन्हा फेस, मग सही.
‘धुराचं तोंड नदीकडे ठेवा, मावशी. जिन्याचं दार बंद.
वास येत नाही म्हणजे तो नाही, असं नसतं.’

दोरी सात वेळा ओढली.
आठव्यांदा खोकलं, अडखळलं, धरलं.
जशुभाईंनी डोळे मिटून स्क्रू फिरवला,
अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर,
तंबोरा लावतात तसा कान देऊन.
आवाज जरा बारीक झाला,
सर्दी उतरलेल्या माणसासारखा.

‘ताकद थोडी कमी पडेल,’ ते म्हणाले.
फ्रिज नाही. मिक्सर तर नाहीच.
यंत्र, एक पंखा, एक दिवा.
‘दिवा कशाला,’ आक्का म्हणाली, ‘रेडिओ लाव.’

मजुरी त्यांनी घेतली, पुराचे म्हणून शंभर कमी.
टाकीत उरलेलं पेट्रोल बाटलीत काढून दिलं,
ते त्यांनी स्कूटरमध्ये ओतलं, किक मारली,
आणि आमच्या घरातलं शेवटचं पेट्रोल
गल्लीच्या वळणावरून निघून गेलं.

नंतर महिनोन्‌महिने वीज गेलीच नाही.
दर रविवारी दहा मिनिटं चालवून बघायची,
लोणच्याची बरणी न खाता उघडून बघावी तशी.

गेली ती वैशाखात, भर दुपारी.
वर धावले. दुसऱ्याच ओढीला लागलं.
दार लावून उतरताना जिन्यात मध्येच बसले,
गुडघे आता ऐकत नाहीत.
वर ते ओढत होतं.
खाली आक्का झोपलेली, यंत्र भात्यासारखं,
भरतं, सोडतं, भरतं.
शेजारच्या घरात टीव्ही सुरू झाला,
म्हणजे वीज केव्हाच आली होती.

तरीही थोडा वेळ
मी त्याला मागू दिलं.